तुफूल आत्यावरचा आळ

दिवा जरा इकडे ओढा आणि बसा. ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही, तेव्हा मध्येच आवाज चढला तर मनावर घेऊ नका.

त्या दिवशी मी सलाला शहरातून डोंगरावर निघाले होते, भावाकडे तांदळाचं पोतं पोचवायला. खरीफ ऐन भरात होता. आमच्याकडे खरीफ म्हणजे धुक्याचे महिने. समुद्रावरून धुकं येतं, डोंगराला चिकटतं आणि हलायचं नाव घेत नाही. भर दुपारी गाडीचे दिवे लावून मी चढत होते. ओल्या गवताचा आणि शेणाचा वास काच बंद असूनही आत येत होता.

वळणावर एक माणूस दोन्ही हात वर करून रस्त्यातच उभा होता. मी करकचून ब्रेक मारला. बघते तर बखीत. माझा चुलतभाऊ! गेलं वर्षभर मी ज्याचं तोंड पाहिलं नव्हतं, तो.

का पाहिलं नव्हतं, ते ऐका. तुफूल आत्या माझ्या वडिलांची बहीण. एकटी, मूलबाळ नाही, आणि घरात पुरुष नाही म्हणून आपल्या गायींची धार स्वतः काढायची. आमच्या डोंगरात बाईनं सडाला हात लावायचा नसतो. लोक आधीच नाक मुरडायचे. गेल्या खरीफात धुक्यात वासरं मरायला लागली तेव्हा बखीतनं आवई उठवली, की म्हातारी चेटकीण आहे, तरस होऊन फिरते. चारजणांना घेऊन गेला आणि तिला घराबाहेर काढलं. गायी स्वतःच्या गोठ्यात बांधल्या, मेलेल्या वासरांची भरपाई म्हणून. आत्या त्या धुक्यात कड्यावरून पडून गेली. दुसऱ्या दिवशी खाली सापडली.

मी धावत आले तेव्हा मेल्या वासराजवळचा माग अजून शाबूत होता. माझे वडील जन्मभर रानातला माग काढत फिरले, आणि मी त्यांच्या मागे. लांबट पाऊल, बोटं सुटी, पुढच्या दोन नख्या पुढे आलेल्या, पुढचं आणि मागचं पाऊल जवळपास सारखं. लांडगा! शेंबडं पोरही सांगेल. तरसाचं पुढचं पाऊल मोठं असतं, मागचं त्याच्यापुढे बारकं, बोटं एकमेकांना चिकटलेली. मी कंठशोष करून सांगितलं. बखीत हसला होता. म्हणाला होता, "बाई, तू शहरात राहून सगळं विसरलीस."

आणि आता हाच गृहस्थ माझ्या गाडीच्या काचेवर टकटक करत होता.

"गझायल, घरी चल. एक माग बघायचाय."

"मी तर शहरात राहून सगळं विसरलेय ना?"

"टोमणे नंतर मार. बायको पोरांना घेऊन माहेरी गेली. शेजारी दारात येत नाहीत, म्हणतात म्हातारी तरस होऊन परत आली. तू नुसतं एवढं सांग, की लांडगा आहे."

मेल्याचे डोळे खोल गेले होते. मला दया आली नाही. पण माग बघायचा मोह मला कधी आवरला नाही, म्हणून मी गेले.

त्याचं घर कड्याखाली, घराला लागून गोठा. गोठ्याभोवती त्यानं ओली माती सारवल्यासारखी पसरली होती. रोज सकाळी फांदीनं सपाट करायचा, म्हणाला. एका ठशावर पावसाचे थेंब पडू नयेत म्हणून घमेलं पालथं घातलं होतं. त्यानं ते उचललं.

मी वाकले आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले.

"लांडगाच ना?"

बोटं एकमेकांना चिकटलेली होती. मला संताप आला. हा माणूस गेल्या वर्षी लांडग्याला तरस म्हणाला, आणि आता मी तरसाला लांडगा म्हणावं अशी याची इच्छा!

"सांगते," मी म्हटलं. "पण आधी तू सांगायचं. मोबाइल काढ. कबिल्याच्या ग्रुपवर तुझ्या आवाजात टाक, की गेल्या वर्षी लांडगा होता. आत्या निर्दोष होती."

"वेड लागलंय का? सगळे ऐकतील."

"सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच. तेव्हाही सगळ्यांनीच ऐकलं होतं."

तो हातातलं घमेलं फिरवत राहिला. धुकं इतकं दाट झालं, की त्याच्यामागची भिंत दिसेना. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. शेवटी त्यानं मोबाइल तोंडाजवळ नेला.

"मी बखीत बोलतोय... तुफूल आत्याच्या बाबतीत... वासरं लांडग्यानं मारली होती. तरस नव्हता." मग तो स्वतःहूनच बोलला, "मला तेव्हाच माहीत होतं. मी पाऊल ओळखलं होतं."

माहीत होतं! मला वाटलं होतं, की हा अडाणी आहे, हट्टी आहे, भ्यालेला आहे. वर्षभर मी त्याच्या मूर्खपणावर दात-ओठ खात होते, आणि हा सगळं ओळखून होता. त्याला आत्याच्या गायी हव्या होत्या, बस्स. जवळ दगड असता तर मी मारला असता.

"पाठवलं," तो म्हणाला. "आता सांग."

"तरस आहे," मी म्हटलं. "मादी. वय झालेली. आणि आता गप्प राहा, मला बघू दे."

मी मागावरून निघाले. तरस दरीत राहतो, माणसाच्या वस्तीजवळ येतो ते उकिरड्यावर, आणि पोट भरलं की पुन्हा दरीत जातो. हा माग दरीतून वर आला होता, तिथवर ठीक. पण सरळ गोठ्याच्या दारापर्यंत. वासराच्या दिशेनं नाही, उकिरड्याच्या दिशेनं नाही. मी गोठ्याला पूर्ण फेरी घातली. दुसरी घातली. माती लोण्यासारखी मऊ होती, उंदीर गेला असता तरी उमटला असता.

"गेला कुठल्या बाजूनं?" बखीतनं विचारलं.

"गेलेला नाही."

"अगं, रोज असंच... रोज येतो तेवढंच दिसतं. आत मी रोज बघतो, काही नसतं."

"तू झोपतोस कुठे?"

"आतच. गायींपाशी. बंदूक घेऊन."

आम्ही आत गेलो. तरसाचा वास आला की गायी दावं तोडतात, हंबरडा फोडतात. इथे आत्याच्या सगळ्या गायी बसून रवंथ करत होत्या. आत उबट अंधार होता आणि त्यात एक आंबूस, कुबट वास. कोपऱ्यात वाळलेल्या गवतावर बखीतची गादी, उशाशी बंदूक. बाहेरची माती आत नव्हती, सगळीकडे गवत, म्हणून त्याला काही दिसलं नसावं. किंवा त्यानं खाली बघितलंच नसेल. गादीच्या मागे, भिंतीकडे, पांढऱ्या खडूसारखे गोळे पडले होते. हाडं खाणाऱ्या जनावराची विष्ठा अशी पांढरी होते. काही जुने, भुगा झालेले. काही ताजे, ओलसर.

"हे किती दिवसांचं...?" त्यानं कुजबुजत विचारलं.

वडील सांगायचे, की नुसत्या ठशावरून ओळखू नको, जनावर कुठे राहतं ते बघ. मी गादीच्या शेजारी गुडघे टेकले. तिथलं गवत दाबून दाबून खोलगट झालं होतं, एका अंगावर निजणाऱ्या मोठ्या देहाएवढं. कडेला राठ, करडे केस. अशी जागा एका दिवसात होत नाही.

"गझायल... बोल ना..."

"बखीत, हे येणारं जनावर नाही. हे इथे राहतं."

त्यानं बंदूक उचलली आणि रिकाम्या कोपऱ्यांकडे रोखत गरगर फिरला. मला म्हणाला, गायी घेऊन जा, सगळ्या घेऊन जा, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, "गायी नेऊन काय होणार? ते तुझ्यापाशी निजलंय."

मग मी उठले, पोतं पोचवायचं होतं. उठताना आधारासाठी हात त्या खळग्यात टेकला.

गवत गरम होतं. मी भार काढून घेतला, तरी माझ्या तळव्याखाली ते हळूहळू आणखी दबत गेलं, कुणी अंग टाकावं तसं.