निकाल क्रमांक एकशे सत्तेचाळीस

हळकुंड मोडताना जो आवाज येतो, त्यावरून ते पुरतं वाळलंय की आत ओल आहे, हे आदगोंडा डोळे मिटून सांगायचे. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं त्यांच्या कानावर सौदे ठरले. निकाल दिला की मोडका तुकडा टेबलावर दोनदा आपटायचे. ठक, ठक. म्हणजे झालं, आता फिरवाफिरवी नाही. त्या बाबतीत माणूस भलता ताठ.

मुलगी चंदना त्यांच्या वरताण. अप्पांच्या शेवटच्या वर्षात तिनं त्यांच्यापुढं दोनशे बारा हळकुंडं मोडली. प्रत्येक आवाज टिपला, निकाल लिहून घेतला आणि त्याच मालातलं एकेक अख्खं हळकुंड नंबर घालून काचेच्या बरणीत बंद केलं. त्यातून तिनं एक सॉफ्टवेअर लायब्ररी लिहिली, आवाज ऐकून ओल सांगणारी, कुठल्याही मशीनवर चालणारी. नाव ठेवलं 'आदगोंडा'. ती ठकठक तेवढी तिनं सगळ्या आवाजांतून स्वतःच्या हातानं कापून टाकली होती, कारण त्यानं प्रोग्रॅम गोंधळायचा.

अप्पांना जाऊन आठ महिने झाले होते. आज दुपारी चारला व्यापाऱ्यांची बैठक होती. लायब्ररी अप्पांच्या कानाशी जुळली नाही तर लोक हसणार, आणि हसणार ते अप्पांच्या नावाला.

सकाळीच जेवणाच्या टेबलावर चार मशीन मांडून ती बसली. तिचा लिनक्सचा लॅपटॉप, भाऊ भरतेशचा विंडोजवाला, मैत्रिणीकडून मागून आणलेला मॅक आणि आईचा अँड्रॉइड फोन. सोर्स कोड एकच. प्रत्येक मशीनसाठी तो वेगळा कंपाइल करायचा, म्हणजे त्या मशीनला कळेल असा करून घ्यायचा, आणि दोनशे बारा आवाजांची परीक्षा घ्यायची.

लिनक्सवर सगळेच्या सगळे पास. चंदनाला असा काही अभिमान वाटला की तिनं एकटीनंच टाळी वाजवली.

विंडोजवर एक नापास. नंबर एकशे सत्तेचाळीस.

मॅकवर तोच. फोनवर तोच.

मग तिच्या लक्षात आलं, लिनक्सवर आधी कंपाइल केलेले जुने तुकडे राहून गेले होते आणि परीक्षा त्यांचीच झाली होती. ते पुसून तिनं पहिल्यापासून कंपाइल केलं. आता तिथंही एकशे सत्तेचाळीस नापास. लायब्ररी चारही ठिकाणी म्हणत होती, ओलं. अप्पांचा लिहिलेला निकाल होता, वाळलेलं.

"आई, अप्पा कवा चुकलेत का गं?"

"यार्डात इचार जा कुणालाबी," पद्मावती स्वयंपाकघरातून ठसक्यात म्हणाली. "चाळीस वरसांत एकदाबी न्हाई."

चंदना उठली आणि कपाटातून त्या नंबरची बरणी काढून टेबलावर ठेवली. बाकीच्या बरण्यांत पिवळंधमक हळकुंड होतं. एकशे सत्तेचाळीसमधलं पांढऱ्या बुरशीनं माखलं होतं.

आत ओल असल्याशिवाय बुरशी धरत नाही. अप्पा चुकले होते.

निकालांच्या फाइलीत एक शब्द बदलला की काम झालं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं फाइल उघडली, बराच वेळ बघत बसली आणि तशीच बंद केली. अप्पांचा निकाल फिरवणारी ती कोण? एक नापास तर एक नापास. चार वाजता तोंडानं सांगायचं, माझ्या बापाचा कान दोनशे बारांत एकदाच चुकला. सांगताना मान खाली घालायची नाही.

बैठकीत दाखवायला म्हणून तिनं चारही मशीनवर परीक्षा शेवटची एकदा चालवली.

दोनशे बारा पास.

चारही ठिकाणी.

तिनं कोड तपासला. एक अक्षर हललं नव्हतं. निकालांची फाइल उघडली.

एकशे सत्तेचाळीस: ओलं.

भरतेश आष्ट्याला गेलेला. घरात त्या दोघीच होत्या, आणि आईला लॅपटॉप उघडताही येत नव्हता.

चंदनानं कानाला हेडफोन लावले आणि तो आवाज पुन्हा ऐकला. हळकुंड मोडलं. पुढं काही नाही, तिनं कापलं होतं तसंच. तिनं हेडफोन काढून ठेवले.

"झालं व्हय गं तुझं?" आईनं आतून विचारलं.

"का?"

"आत्ता टेबलावर दोनदा वाजलं की."

टेबलावर बरणी होती. झाकण घट्टच होतं. आतल्या हळकुंडाचे दोन तुकडे झाले होते.