नमुन्याचं घर

पेज सुरू करायच्या आधी कॉलेजच्या फलकावर महिनाभर एक कागद लटकत होता. आपल्या शहरात आश्रयाला आलेल्या कुटुंबांना भाषा शिकवायला, अर्ज भरून द्यायला स्वयंसेवक हवेत, असा मजकूर. त्या कागदामुळे दोघंजण आले, त्यातला एक चुकून आला होता, त्याला शेजारच्या खोलीत नाटकाच्या तालमीला जायचं होतं. मग ताईनं फोनवर पेज उघडलं आणि आठवड्यात साठ पोरं गोळा झाली. त्या फलकापुढून रोज ये-जा करणारीच पोरं ती. पण हातातल्या फोनवर दिसल्याशिवाय हल्ली कुणाला काही दिसतच नाही, त्याला ताई तरी काय करणार?

ताई म्हणजे शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. घरी धाकटीची ताई, आणि पेज सुरू झाल्यापासून सगळ्या कॉलेजचीच. काम मात्र तिनं शिस्तीत लावलं होतं. कुटुंबं सगळी एकाच इमारतीत राहत होती. जुनं वसतिगृह ते, चार मजले, मजल्याला दहा खोल्या, नंबर एक ते चाळीस. ताई फोनवरच्या अर्जात एकेका घराची नोंद भरायची: माणसं किती, गरज काय, कधीपर्यंत. नोंद पक्की केली की ती पेजवर पडायची, आणि ज्याला जमेल त्यानं खाली लिहायचं, 'मी जातो' किंवा 'मी जाते'. एकदा लिहिलं की ते घर त्याचं. तिथे दुसऱ्यानं जायचं नाही आणि आपणही न सांगता थांबायचं नाही, कारण त्या माणसांना आजवर पुष्कळांनी अर्ध्यावर सोडलेलं असतं. चेहऱ्याचे फोटो बंद. कोण कुणापासून जीव वाचवून आलंय ते आपल्याला काय ठाऊक? भेट झाल्याची खूण म्हणून चहाच्या टेबलाचा फोटो टाकायचा, तेवढा पुरे.

नव्या पोरांना अर्ज समजावून सांगायला ताईनं एक खोटी नोंद करून ठेवली होती. घर नंबर एक्केचाळीस. माणसं तीन: आजी, आई, मुलगी. गरज काय, या रकान्यात तिला घाईत काही सुचेना, तेव्हा तिनं लिहिलं, 'कुणीतरी येऊन बसावं.' 'कधीपर्यंत' हा रकाना तिनं रिकामाच सोडला. नमुना तर होता, त्यात एवढा जीव कोण ओततो?

परीक्षेच्या आठवड्यात वेळ मिळणार नाही म्हणून तिनं आठ दिवसांच्या नोंदी एकदम निवडून पेजवर लावून टाकल्या. त्यात नमुन्याचीही निवडली गेली. हे तिच्या ध्यानात आलं ते पेपर देऊन बाहेर पडल्यावर, आणि तोवर खाली एक ओळ आलेली होती: 'मी जाते.'

ती ओळ धाकटीची होती.

धाकटीबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हापासून ही पोरगी जी गप्प झाली ती झालीच. कॉलेजात आली, पण मैत्रीण एक नाही. वर्गातून घरी, घरातून वर्गात. आई घरी शिवणकाम करायची, मशीनवर मान घालून दिवस ढकलायची, आणि पोरीकडे बघून आतल्या आत झुरायची. "माझ्या हातात आता काही राहिलं नाही," ती एकदा ताईला म्हणाली होती. "तिला तुझ्यावर सोपवलंय, एवढं ध्यानात ठेव." ताईनं ते मनावर घेतलं होतं. धाकटीला पेजमध्ये ओढलं ते त्याचसाठी, पण तीन महिन्यांत धाकटीनं एकाही घराखाली 'मी जाते' लिहिलं नव्हतं.

ताईनं तिथूनच फोन लावला. "अगं, ते घर नाहीये. नमुना आहे तो."

"जाऊनसुद्धा आले की," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कित्येक महिन्यांत नव्हता इतका मोकळा होता. "चांगली माणसं आहेत. उद्या परत बोलावलंय."

फोटोही आला होता. निळा टेबलक्लॉथ, चार कप, बशीत बिस्किटं. ताईनं कपाळावर हात मारला आणि हसली. एक आणि चार उलटे वाचून पोरगी चौदा नंबरला जाऊन बसली असणार. दुसऱ्या दिवशी ती चौदा नंबरवाल्यांना विचारायला गेली, तर तिथे टेबलच नव्हतं. ते लोक जमिनीवर बसायचे, आणि कालपासून त्यांच्याकडे कुणी फिरकलेलंही नव्हतं.

खाली रखवालदार वर्तमानपत्र वाचत बसला होता. "एक्केचाळीस?" तो म्हणाला. "चाळीसच्या पुढे माझ्याकडे गच्चीच आहे, ताई. तिलाही कुलूप. किल्ली ही बघा." त्यानं खिसा वाजवून दाखवला. "तुमची बहीण ना, शांतशी? काल चारला वर गेली, सहाला खाली आली. कुठे बसली होती ते मी विचारलं नाही. हसत होती, म्हटलं बरंय."

बरंच होतं, तक्रार कशाची करायची? धाकटी जेवायला लागली, बोलायला लागली. आई ताईच्या कानात म्हणाली, "देव भलं करो त्या घराचं." मग ताईनं तोंड उघडलं नाही. ही तिची चूक, आणि पुढे तिनं ती स्वतःशी शंभरदा कबूल केली. पोरीनं कुणीतरी शोधलंय, घराचा खोटा नंबर सांगून का होईना चार माणसांत बसते आहे, अशी तिनं समजूत करून घेतली.

धाकटी रोज जायला लागली. रोज फोटो यायचा. आठव्या की नवव्या फोटोत टेबलामागची खिडकी आली होती. ताईनं तो बोटांनी मोठा करून पाहिला. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती, आणि तिचं झाकणही. ताई दुसऱ्या दिवशी मुद्दाम चौथ्या मजल्यावर गेली, शेवटच्या खिडकीत उभी राहिली. टाकी तिथून पार वर होती, तिचा फक्त तळ दिसत होता.

ती जिना उतरून थेट घरी आली.

त्या संध्याकाळी तिनं धाकटीला समोर बसवलं. "काय बोलता तुम्ही तिथे?"

"त्या नाही फारसं बोलत. मीच बोलते. घरातलं विचारतात. आई कशी आहे, काय शिवते, रागावते का. सगळं नीट ऐकून घेतात." धाकटी थांबली. "त्यांना कुणी नाही गं."

"आजपासून बंद. मी पोस्ट काढून टाकते."

"न सांगता थांबायचं नाही," धाकटी शांतपणे म्हणाली. "नियम तुझाच आहे." मग ती चहा करायला उठली, ओट्यापाशी उभी राहिली, इकडे तिकडे बघत राहिली. "तुमच्याकडे चमचे कुठे असतात?"

आई मशीनवरून हसली. तिला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. ताईला हसू आलं नाही.

पोस्ट ताईनं त्याच रात्री काढून टाकली. दुसऱ्या दिवशी साडेचारला फोटो आला, रोजच्यासारखा.

मग मात्र तिनं ठरवलं, आता मागोमाग जायचं. पुढच्या दुपारी धाकटी इमारतीत शिरली आणि एका जिन्याचं अंतर ठेवून ताई चढू लागली. वरून पोरीच्या चपलांचा आवाज येत होता, घाई नसलेला, ओळखीच्या घरी जाणाऱ्या माणसाचा. दुसरा मजला. तिसरा. कुठल्याशा खोलीत नळ वाहत होता, कुठे मूल रडत होतं. चौथ्या मजल्यावर ताई पोचली तेव्हा आवाज अजून वरूनच येत होता. तिनं उरलेल्या पायऱ्या धावत गाठल्या.

समोर गच्चीचं दार. त्याला कुलूप. कुलपावर धूळ.

चपलांचा आवाज वरच चढत होता.

मग तो थांबला. कुठेतरी दार उघडलं आणि लागलं.

ताईनं दारावर धक्के मारले, हाका मारल्या. रखवालदार धापा टाकत आला, त्यानं कुलूप काढलं. गच्चीवर ऊन होतं, दोऱ्यांवर काही नव्हतं, आणि त्याच्या वर फक्त आभाळ होतं.

"खाली तर नाही ना गेली?" तो म्हणाला.

फोन वाजला. टेबलाचा फोटो. निळ्या कापडावर धाकटीचा हात होता, आणि त्या हातावर एक म्हातारा हात ठेवलेला. खाली धाकटीनं लिहिलं होतं: 'मी आता इथेच राहते. यांना बरं वाटतं. आईला सांग.'

ताई गच्चीच्या कठड्याशी बसली. आईला काय सांगायचं? सोपवलेलं माणूस कुठे ठेवून आलीस म्हटल्यावर काय दाखवायचं? तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिला रिकामा रकाना आठवला. कधीपर्यंत.

तिनं अर्ज उघडला. एक्केचाळीस. 'कधीपर्यंत' पुढे तिनं लिहिलं, 'आज.' खाली 'घर बंद' असं बटण होतं, ते दाबलं. ते दबेना. पुढचा पत्ता भरल्याशिवाय कुठलंच घर बंद होत नव्हतं. ही अटही तिचीच. कुटुंबं इथून तिथे हलवली जातात, मग आपली पोरं त्यांना शोधत फिरतात, ते होऊ नये म्हणून.

तिनं एक रेघ मारली. चालेना. शून्य टाकलं. चालेना.

धाकटी घरी यावी, याच्यापलीकडे तिला काही नको होतं. तिनं आपल्या घराचा पत्ता लिहिला.

'घर बंद झाले.'

मिनिटभरानं धाकटीचा निरोप आला: 'आम्ही निघालो.'

ताईच्या अंगात एकदम जीव आला. रखवालदाराला काही न सांगता ती खाली उतरली, बस पकडली, आणि तीन थांबे गेल्यावर तिनं तो निरोप पुन्हा वाचला. आम्ही. पुढचे थांबे तिनं उभ्यानं काढले.

घराचं दार धाकटीनंच उघडलं. अंगावर ओरखडा नाही, चेहरा प्रसन्न. ताईनं तिला उंबऱ्यातच मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. धाकटी तशीच उभी राहिली. मग तिनं ताईच्या पाठीवर हलकेच थोपटलं, परक्या माणसाला थोपटतात तसं.

"या ना," ती म्हणाली. "आत या."

आत मशीन चालू होतं. खिडकीपाशी एक म्हातारी बाई पाठमोरी बसली होती, आईची शाल घेऊन.

"आई," ताई म्हणाली.

मशीन थांबलं. आईनं मान वर केली, ताईकडे नीट पाहिलं, मग धाकटीकडे. "कोण गं या?"

"कॉलेजच्या ताई. सांगितलं होतं ना, आपल्याकडे कुणीतरी येणार म्हणून?"

आईचा चेहरा उजळला. ती लगबगीनं उठली, खुर्चीवरचे शिवायचे कपडे उचलून बाजूला ठेवले, आणि खुर्ची झटकून ताईपुढे केली.

"बसा ना," ती म्हणाली. "आम्हा तिघींकडे फारसं कुणी येत नाही."