शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण

गल्लीच्या मधोमध उभा राहून एक उंच मुलगा काळं यंत्र आभाळाकडे धरत होता. मी स्कूटी थांबवली.

"भिया, मोबाइलला रेंज नसेल तर छतावर चढा ना! रस्ता कशाला अडवता?"

"मोबाइल नाही हो, जीपीएस आहे." त्यानं चिरडलेली अँटेना दाखवली. "बसच्या दारात चेंगरली. उद्या उदयनगरच्या जंगलात झरे नोंदवायचेत. सागाच्या दाटीत हिच्याशिवाय सिग्नल नाही मिळत. नोंदी झाल्या नाहीत, तर काम दुसऱ्या टीमला... अन् मी परत धारला."

तोंड एवढंसं झालेलं. पण डोळे... अगंबाई, काय डोळे होते!

"द्या इकडे. देवासच्या किमयाशी गाठ आहे."

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मी काय भिंतीवर टांगायला केला होता? त्याला घरी आणलं; नाव रणवीर, एवढं वाटेत कळलं. जुन्या पंपाच्या मोटरमधली तांब्याची तार मापून तोडली, औषधाच्या रिकाम्या बाटलीवर पिळून बसवली. बूड म्हणून डब्याचं पत्र्याचं झाकण घेतलं, त्याला सोल्डरचा डाग दिला. तुटक्या अँटेनाची केबल शाबूत होती, तीच जोडली. रणवीर तार धरून होता... माझ्या बोटांना बोटं लागली तरी हलला नाही.

"चटका बसेल हं."

"बसलाच की," तो म्हणाला.

गच्चीवर जीपीएसच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या पट्ट्या भराभर वर चढल्या, आणि तेवढ्यात आई कडाडली, "अगं, ते माझ्या शंकरपाळ्यांचं झाकण!" मग स्वतःच डब्याला फडकं बांधून तिनं तो त्याच्या हाती दिला. "डबाही ने, बाबा. रिकामा परत आणू नकोस हं, आपल्यात तसं करत नाहीत."

तो गेला. नंतर फाटक वाजलं की मी धावायची. हो, वाट बघत होते, लाजायचं काय त्यात?

रविवारी आला, उन्हानं रापलेला. झरे सगळे नोंदले होते. आईनं डब्याचं फडकं सोडलं. आत काहीच नाही!

"रिकामा?" मी डोळे वटारले. "आणि झाकण?"

"झाकण नाही देणार, जंगलात लागतं. आणि डबा मुद्दाम रिकामा आणलाय. तुम्ही पुन्हा भराल... मग मला पुन्हा यावं लागेल."

"असे किती दिवस डबे फिरवणार?"

"तुम्ही सांगाल तितके —"

"मला नाही जमायचं. तू मला आवडतोस, रणवीर. धारहून आईबाबांना घेऊन ये."

तो हसत होकारार्थी मान हलवत राहिला.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "किमया, शंकरपाळे संपलेत. जावईबापूंना विचार, चिवडा चालेल का?"