चढावरचा हात

आशालताबाई सायकलवाल्यांच्या त्या गटात गेल्या, त्याचं कारण साखर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण चालताना गुडघे कुरकुरायचे. मग लेकीची, आर्याची, कॉलेजातली सायकल गॅलरीतून खाली आली. वालीवच्या दुकानात तिला नवे टायर बसले, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा सायकलवर बसल्या. महिनाभर सोसायटीभोवती फेऱ्या मारून झाल्यावर आर्यानंच त्यांचं नाव रविवारच्या गटात घातलं. बाईंचा स्वभाव असा, की घरात झुरळ निघालं तरी त्या ते केरभरणीत घेऊन बाहेर सोडून येत. त्यांच्या हातून कधी कुणाला चापटही बसली नव्हती.

जानेवारीतला रविवार होता. सकाळी सहाला पाच जण जमले. म्होरक्या केनी, उंच, हसरा, चाळिशीचा, पश्चिमेच्या ख्रिस्ती वाडीतला. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त फेबियन, जो नेहमी सगळ्यांच्या शेवटी राहायचा. आणि कौस्तुभ नि एलिसा, ही दोघं तरुण, वाऱ्यासारखी पळणारी. बाईंच्या हँडलला लटकवलेली डब्याची पिशवी बघून कौस्तुभ म्हणाला की आशाताई सहलीला निघाल्यात, तेव्हा दशम्या संपल्याशिवाय आज कुणी घरी जायचं नाही. बाईही हसल्या.

केनीनं मात्र त्यांना बाजूला घेऊन नीट समजावलं. कामणच्या पुढे, गोदामांची रांग संपली की एक चढ लागतो. नवख्याचा तिथे दम तुटतो.

"तेव्हा फेबियन मागून पाठीला हात लावेल, ताई. घाबरायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. वळलात की दोघं आडवे."

आमच्यात असंच करतात, तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. शाळेतल्या मुलीसारखा त्यांनी तो नियम मनात दोनदा घोकला.

कामणपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे धुकं दाटलं. गोदामांचे पिवळे दिवे धुक्यात विरघळल्यासारखे दिसत होते. हवेत डिझेलचा नि जळक्या रबराचा वास होता. मधूनच एखादा कंटेनर घरघरत अंगावरून गेल्यासारखा जाई, आणि तो गेल्यावर स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नसे. कौस्तुभ नि एलिसा केव्हाच दिसेनासे झाले. केनीच्या मागचा लाल दिवा लुकलुकत दूर गेला. चढ सुरू झाला तेव्हा बाईंच्या मांड्या पेटल्या, छाती भात्यासारखी हलायला लागली. आता उतरून चालावं, असं मनात आलं, तोच पाठीवर हात पडला.

कमरेच्या जरा वर, मधोमध. अख्खा पंजा. सायकल हलकी झाली.

"थँक्यू, फेबियन," बाई धापा टाकत म्हणाल्या.

हात ढकलत राहिला. त्याची बोटं गार होती. दोन कपड्यांमधूनही गार लागत होती. बाईंना वाटलं, थंडीच आहे तशी.

वरती रस्ता एक वळसा घेतो. तिथून मान न वळवताही खालचा रस्ता दिसतो. बाईंची नजर सहज खाली गेली. धुक्याच्या फटीत, चढाच्या पार तळाशी, फेबियन सायकल उलटी करून तिची निसटलेली चेन बसवत होता.

हात अजून पाठीवर होता.

बाईंनी मागे बघितलं नाही. बघवलंच नाही. त्यांनी आठवतील तितक्या देवांची नावं घेतली आणि पाय मारत राहिल्या. माथ्यावर केनी पाणी पीत उभा होता. तो दिसताच पाठ मोकळी झाली.

"मला कुणीतरी वर ढकललं," बाई म्हणाल्या. "फेबियन तर खाली आहे..."

केनीनं खाली वाकून बघितलं. फेबियन चेन बसवून निम्मा चढ चढून आला होता. केनीच्या हातातली बाटली तोंडापर्यंत गेली नाही.

"कुठे होता हात?" त्यानं हळूच विचारलं.

बाईंनी दाखवलं. त्यानं बाटली सायकलला अडकवली. मग एकदम म्हणाला, चला, इथे थांबायला नको, उतार आहे, माझ्यामागे या. फेबियनची वाट बघायची ना, असं बाई म्हणाल्या, पण तोवर तो निघालाही होता. त्या माथ्यावर एकटं उभं राहायची त्यांची छाती नव्हती. त्या त्याच्या मागे निघाल्या.

उतारावर पंधरा-वीस पावलं गेल्या असतील नसतील, तो पंजा पुन्हा पाठीवर बसला. या वेळी तो मदतीचा नव्हता. बोटं बरगड्यांत रुतली. सायकल सुसाट सुटली. त्यांनी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. रबर जळल्याचा वास आला, चाकं किंचाळली, पण वेग वाढतच गेला. समोर केनीची पाठ जवळ, आणखी जवळ येत होती. समोरून, उजव्या बाजूनं, एक कंटेनर वर चढत होता.

"केनी, बाजूला हो... बाजूला हो बाबा..."

मग डाव्या ब्रेकवरची त्यांची बोटं कुणीतरी उचकटायला लागलं. एकेक करून. बाईंनी सगळा जीव त्या मुठीत गोळा केला. करंगळी सुटेना, तेव्हा ती मागे वाकवली गेली आणि वाळकी काटकी मोडावी तशी कट्‌कन मोडली. हात उघडला. तो उघडा हात पुढे नेला गेला आणि केनीच्या घामेजल्या पाठीवर ठेवला गेला. कमरेच्या जरा वर, मधोमध.

केनीनं मागे बघितलं नाही. तो फक्त रडवेल्या आवाजात म्हणाला,

"जितेश... सोड ना रे..."

बाईंच्या हातानं ढकललं. एवढी ताकद त्यांच्या हातात जन्मात नव्हती. केनी सायकलसकट उजवीकडे फेकला गेला. कंटेनरची पुढची चाकं त्याच्यावरून गेली, मागचीही गेली, आणि मग कुठे ब्रेक लागले. लोखंड चिरडल्याचा आवाज आला नि त्यात दुसराही एक आवाज होता, तो बाईंना आजही पोळपाटावर लाटणं आपटलं की ऐकू येतो. रस्ता ओला झाला. हेल्मेट तेवढं अखंड राहिलं होतं. ते गडगडत उताराच्या टोकापर्यंत गेलं.

बाई पडल्या नव्हत्या. सायकल सरळ, पाय जमिनीवर, डावा हात पुढे पसरलेला, त्याच्या तळव्यावर केनीचा घाम. माथ्यावर फेबियन उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

पोलिसांना त्यानंच सांगितलं. नवख्या आहेत, चाकाला चाक लागलं, अपघात झाला. बाईंनी मान डोलावली. खरं सांगायचं म्हटलं तर काय सांगणार होत्या?

दोन दिवसांनी केनीची मौत झाली, अंत्यविधीला त्यांच्यात तसंच म्हणतात; चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना होऊन त्याला दफनभूमीत आणलं. बाई गेल्या. बोटाला प्लॅस्टर होतं. आपल्यामागे कुणी येऊ नये म्हणून त्या आवाराच्या चुन्यानं रंगवलेल्या भिंतीला पाठ अगदी चिकटवून उभ्या राहिल्या. फेबियन गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला. दोन रात्रींत त्याचे गाल बसले होते.

जितेश म्हणजे गटातला गेल्या वर्षीचा नवखा, त्यानं सांगितलं. लहानखुरा पोरगा, फार हळू चालवायचा. एकदा उशीर झाला म्हणून केनी भडकला, आणि त्या उतारावर, जरा वेग काय असतो ते कळू दे, म्हणत त्यानं जितेशच्या पाठीत हात घालून त्याला ढकललं. जितेश ट्रकखाली गेला.

"मी पोलिसांना ब्रेक फेल झाला म्हणून सांगितलं. केनीची दोन पोरं लहान होती, ताई."

"जितेशच्या घरी खरं सांग, फेबियन. त्याच्या आईला तरी."

"सांगतो." त्यानं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "मग तुमचंही सांगावं लागेल. तुमचा हात मी बघितलाय. सांगू?"

फादरांची प्रार्थना सुरू झाली होती. शवपेटीवर पहिली माती पडली. केनीची बायको त्या आवाजानं खाली बसली. आशालताबाईंच्या डोळ्यांपुढे आर्या आली, सोसायटी आली, पोलिसांची गाडी आली.

"नको," त्या म्हणाल्या.

फेबियननं मान हलवली आणि तो माती टाकायला पुढे गेला. भिंत बाईंच्या पाठीला घट्ट होती. तरीही भिंत आणि पाठ यांच्यामध्ये काहीतरी गार सरकलं.

घरी पोचल्यावर आर्या दार उघडून बाजूला झाली. आईच्या काळ्या पंजाबी ड्रेसची पाठ चुन्यानं पांढरीफटक झाली होती. ती झटकायला तिनं हात उचलला आणि तसाच थांबवला.

पांढऱ्या चुन्यात दोन काळे पंजे कोरे राहिले होते. पाची बोटं स्पष्ट, शेजारी शेजारी. एक लहान, एक मोठा.

"आई," ती म्हणाली, "तुझ्यामागे कोण कोण उभं होतं गं?"