छपरांच्या ओळखीचं शहर

“तेरा... चौदा... थांबा हं, पुन्हा मोजतो.”

निळ्या बसच्या पायरीवर उभा राहून गाईड तिसऱ्यांदा डोकी मोजत होता आणि तिसऱ्यांदा चुकत होता. दर वेळी त्याचं बोट चौथ्या रांगेत खिडकीपाशी येऊन अडखळत होतं. तिथे ती बसली होती.

“माणसं मोजतोय की गहू निवडतोय हा?” मावशी तिच्या कानात म्हणाली. मावशीचं कुजबुजणं म्हणजे अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाणारं. बत्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती ती. निवृत्त झाल्याच्या आठवड्यातच तिनं जाहीर केलं होतं, “दुसऱ्यांच्या नाड्या बघणं पुरे झालं, आता मी जग बघणार.” आणि त्या जगात पहिलं आलं ते समुद्रकाठचं हे शहर. सोबत म्हणून भाचीला ओढून आणलं होतं.

भाचीला मात्र ओढावं लागलं नव्हतं. सहा तासांवरच्या एका कोरड्या, धुळीच्या गावात ती नकाशे काढायच्या कचेरीत काम करायची. गेली तीन वर्षं ती फक्त याच शहराचे नकाशे काढत होती. विमानातून घेतलेले फोटो समोर ठेवायचे आणि एकेक छप्पर, एकेक गल्ली, एकेक भिंत रेघेत उतरवायची. एकूण सेहेचाळीस शीट. सगळं शहर तिला वरून तोंडपाठ होतं, आणि आजवर तिनं त्यात पाऊल ठेवलं नव्हतं.

बस सुटली. ती खिडकीला नाक लावून बसली आणि नकळत पुटपुटली, “आता सात रस्त्यांचा चौक. मग उजवीकडे घड्याळाचा मनोरा... त्याच्या मागे तिरक्या छपराची खोली...”

“मंडळी,” माईकवरून आवाज आला, “आता आपण सात रस्त्यांच्या...” तो थांबला. त्यानं ऐकलं होतं.

“तुम्ही इथल्याच का?”

“छे हो! पहिल्यांदाच आलेय.”

“पहिल्यांदा,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पार उतरला. खिशातून त्यानं घड्या घातलेला कागद काढला आणि तिथून पुढे तो नुसता वाचत सुटला. मनोऱ्याची उंची अमुक फूट. पायऱ्या तमुक. पाया घातला ते साल, काम संपलं ते साल. पुढच्या सीटवरचे पेन्शनर गृहस्थ घोरायला लागले. मावशीनं जांभई दिली, तीही बत्तीस वर्षांची शिल्लक असावी एवढी मोठी.

पण तिला जांभई कुठली यायला! तिला सगळी छपरं ओळखीची होती, पण त्यांच्याखाली काय असतं ते कुणी सांगितलंच नव्हतं. शीट एकोणीसवर तिनं जो लांबट चौकोन काढला होता, तो काचेच्या छताचा मासळीबाजार निघाला. वरून ऊन उतरत होतं, खाली बर्फाचे ढीग चमकत होते, आणि त्या दोहोंच्या मधे शेकडो माणसं एकाच वेळी ओरडत होती. एका चौकोनात एवढा गलबला मावतो? ती तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

तेवढ्यात गाईड शेजारी येऊन उभा राहिला. घसा खाकरून, हळू आवाजात म्हणाला, “काही चुका दिसल्या असतील तर... मला इथेच सांगा. वर कळवण्याआधी.”

“वर? कुठे वर?”

“आत्याकडे.”

“कुणाच्या आत्याकडे?”

“माझ्या. बस तिच्या आहेत ना.” तो कसनुसा झाला. “मी यादी सोडून भलतीकडेच नेतो, बसला उशीर होतो, अशा तक्रारी गेल्यात. ती म्हणाली, या महिन्यात साध्या प्रवाशासारखं कुणीतरी तपासायला येईल. आता एक जरी तक्रार आली, तर माझा माईक गेला आणि मी कचेरीत तिकिटं फाडत बसलो. आणि तुम्हाला तर सगळं आधीच माहीत...”

तिला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती अशी हसली की डोळ्यांत पाणी आलं. “अहो, मी नकाशे काढते! या शहराचे. टेबलावर बसून!”

 मग तोही हसायला लागला, इतका की समोरच्या बाईनं माशावरचा सुरा थांबवला. “मग मी सकाळपासून हे आकडे कशाला म्हणतोय?”

“तेच मी विचारणार होते...”

“छकुले!” पलीकडून मावशीची हाक आली. “बर्फावर पाय जपून!”

“छकुली?” त्यानं भुवया उंचावल्या.

“सव्वीस वर्षांची आहे मी,” ती लाल होत म्हणाली.

“मी कुठे काय म्हटलं?” त्यानं कागद खिशात कोंबला. “चला. आता यादीत नाही ते दाखवतो.”

यादीत नव्हता तो जहाजं बांधायचा कारखाना. बाहेरून गंजलेली पत्र्याची शेड, इतकंच. आत गेल्यावर पंधराच्या पंधरा माणसांच्या माना एकदम वर झाल्या. छतापर्यंत पोचलेली लाकडी नौका उभी होती. तिच्या एकेका फासळीला माणसाच्या कमरेएवढी जाडी होती. लाकडाचा, तेलाचा, ओल्या भुशाचा वास. समुद्राकडचं मोठं दार बंद होतं आणि त्याच्या फटीतून खारट वारा शीळ घालत होता.

“समुद्र पलीकडे आहे?” तिनं विचारलं.

“आहे. पण तो मी शेवटी दाखवतो. आधी दाखवला की लोक दुसरं काही बघतच नाहीत.” त्यानं नौकेवर तळवा ठेवला. आता त्याच्या आवाजात कागद नव्हता. “माझे आजोबा इथे, पाणी आत शिरू नये म्हणून, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचे. ठोका बरोबर बसला की नाही, ते हातानं नाही, कानानं ओळखायचे. इथे कान लावा... असा.”

तिनं गार लाकडाला कान लावला. तो चालत चालत पार दुसऱ्या टोकाला गेला, दिसेनासा झाला. आणि मग, जणू तिच्या डोक्याच्या आतच कुणीतरी वाजवलं. टक. टक. एवढ्या लांबून, एवढं जवळ! तिच्या अंगावर काटा आला.

तो परत आला. “काय ऐकू आलं?”

“दोनदा... टकटक.”

“पहिल्याचा अर्थ नमस्कार.”

“आणि दुसऱ्याचा?”

“तो...” तो नौकेकडे बघत म्हणाला, “तो अजून ठरायचाय.”

हे सगळं होईतो व्हायचं तेच झालं, उशीर. दीपगृहाकडे जाणारी शेवटची होडी तीनला सुटायची. भरती ओसरली की ती दीपगृहाच्या खडकाला लागायचीच नाही. आणि वखारींच्या वळणावर एक लांबलचक ट्रेलर आडवा अडकून पडला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. अडीच वाजले. पेन्शनर गृहस्थ जागे झाले आणि म्हणाले, “तिकिटावर दीपगृह लिहिलंय. नाही दिसलं तर मी लेखी तक्रार करणार.”

गाईडनं घड्याळ पाहिलं. चेहऱ्यावरचं सगळं ऊन निघून गेलं होतं. ते तिला बघवेना.

“वखारींच्या मागून वाट आहे,” ती उठून म्हणाली. “सव्वा मीटर रुंद, तीनशे दहा मीटर लांब. शेवटी पायऱ्या, थेट धक्क्यावर.”

“मी इथेच वाढलोय. तिथे वाट नाहीये.”

“आहे. मी काढलीय.”

“आणि नसली तर?”

“तर तुमच्या आत्याला मी स्वतः भेटेन. सांगेन, दोष माझा.”

 मग त्यानं बसचं दार उघडलं. “उतरा मंडळी! चालायचंय.”

“माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं का?” मावशी म्हणाली, पण सगळ्यांत आधी उतरली तीच.

वाट होती. तिच्या कागदावर ती केसाएवढी बारीक रेघ होती, आणि इथे तिच्यात खुर्च्या होत्या, कुंड्या होत्या, वाळत घातलेल्या चादरी होत्या, उंबऱ्यात पत्ते कुटत बसलेले दोन म्हातारे होते. पण अर्ध्यावर गेल्यावर समोर फळ्यांचं दार आलं. बंद. मागे चौदा माणसं थांबली.  कागदावर रेघ चुकली तर खोडता येते. इथे एका माणसाची नोकरी त्या रेघेवर उभी होती.

तिनं दार वाजवलं. पलीकडून कडी सरकली आणि एका आजीबाईंनी डोकं बाहेर काढलं.

“मांजर बाहेर जाऊ नये म्हणून लावलंय गं. ठोठावता काय, या की!”

सगळे पुढे निघाले. पायऱ्या आल्या. वळण आलं. आणि ती थांबली.

समुद्र.

तिला वाटायचं, समुद्र खाली असतो. पायांच्या खाली, कडेला, नकाशात असतो तसा. तो तर समोर उभा होता! तिच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत, धक्क्यावरच्या छपरांच्याही वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि हलत होता. सगळाच्या सगळा. तीन वर्षं तिनं किनाऱ्याची रेघ काढली होती. रेघ संपली की शीट संपलं, काम संपलं, असंच होतं ते. आपण कुठे थांबत होतो ते तिला आज कळत होतं.  मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि न बोलता पुन्हा लावला. मावशी, न बोलता!

तो तिच्या शेजारी उभा होता. “या जागेसाठी माझी सहा वाक्यं पाठ आहेत,” तो अगदी हळू म्हणाला. “आज एकही आठवत नाहीये.”

तिनं मान वळवली. तो समुद्राकडे बघतच नव्हता.

होडी मिळाली, तीही दोन मिनिटं राखून. दीपगृहाच्या गोल जिन्यावर पेन्शनर गृहस्थ धापा टाकत तिला म्हणाले, “तुम्हाला कंपनीनं ठेवूनच घ्यायला हवं!” आणि वर पोचल्यावर तेच सगळ्यांत आधी कठड्यापाशी गेले. खाली सगळं शहर पसरलं होतं, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस शीट, पण धूर सोडणारी, उन्हात लकाकणारी, जिवंत. ती बोटानं दाखवत सुटली. “तो बाजार! ती शेड! तो मनोरा! आणि... तुमचं घर कुठे?”

“ते बघा, निळ्या टाकीच्या डावीकडे.”

तिनं डोळे बारीक केले आणि खुदकन हसली. “तिथे दोन शीटांचा सांधा येतो. तुमचं घर अर्धं तेवीसवर आहे, अर्धं चोवीसवर.”

“म्हणजे मी रात्री झोपतो एकात आणि सकाळी उठतो दुसऱ्यात?”

“आता मला काय माहीत तुम्ही कुठे झोपता!” ती बोलून गेली, आणि मग कानापर्यंत लाल झाली. वारा एवढा होता की दोघांनाही काही ऐकू आलं नाही असं दाखवता आलं.

संध्याकाळी सहाला गावाकडची बस. तो सामान घेऊन स्टँडवर सोडायला आला होता. दिवसभर बोलणारा माणूस आता बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत उभा. मावशी पाण्याची बाटली आणायला म्हणून गेली, हातात एक भरलेली बाटली असताना.

“तुमच्या गावात... बघण्यासारखं काय आहे?” त्यानं शेवटी विचारलं.

“काही नाही. एक पाण्याची टाकी आणि धूळ.”

“अच्छा...”

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. तिला कळून चुकलं, हा काही बोलणार नाही, आणि बस सुटणार. तिनं श्वास घेतला. “हे बघा, मला आडून आडून बोलता येत नाही. तुम्ही मला आवडलात. सकाळी कागद वाचत होतात तेव्हा नाही... पण लाकडाला कान लावला तेव्हापासून.”

 “मला,” तो म्हणाला, “तुम्ही तपासायला आल्यात असं वाटत होतं ना, तेव्हाही... तेव्हाच. म्हणून तर मोजताना चुकत होतो.”

“चला, चला!” कंडक्टर ओरडला. मावशी दोन्ही बाटल्या घेऊन चढली. ती चढली. आणि पाठोपाठ तोही चढला.

“अहो, तुम्ही कुठे?”

“थोडं अंतर. शहराची हद्द येईपर्यंत.” जागा नव्हती, वरची दांडी धरून तो तिच्या सीटपाशी उभा राहिला. “हद्द आली की सांगा. तुम्हाला नेमकी माहीत असेल. मी उतरेन.”

बस निघाली. तो आजोबांबद्दल सांगत होता, ती कचेरीबद्दल. एकदा गचका बसला आणि त्याचा हात तिच्या खांद्यावर आला, आणि घाईनं परत गेला, आणि मग तितक्या घाईनं गेला नाही. वखारी संपल्या. मिठागरं आली, सोनेरी, ओली. खाडीवरचा पूल आला. पुलाच्या या टोकाला जकात नाक्याची जुनी चौकी, तिच्या बरोबर मधोमध हद्दीची तुटक रेघ. तिनं स्वतः काढलेली. चौकी मागे पडली. पूल मागे पडला.

ती खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. मग तिनं हळूच वर पाहिलं. तोही मागे वळून पुलाकडेच बघत होता. शहर दाखवणाऱ्या माणसाला शहर कुठे संपतं ते माहीत नसेल, असं कसं होईल?

“आली का हद्द?” त्यानं विचारलं.

“अजून नाही,” ती म्हणाली.

“अरे बापरे, केवढं मोठं शहर हे!” मावशी म्हणाली, आणि खिडकीकडे सरकून तिनं त्याला बसायला जागा करून दिली.