तिसरी केबल

निकितानं काल बंद खोलीत दिलेला जबाब आज दुपारपर्यंत अख्ख्या नेवाशात मोबाईलवर फिरत होता. एका प्राध्यापकाविरुद्धची तक्रार. ती फक्त चौकशी समितीनं ऐकायची होती. निकिता वसतिगृहात आतून कडी लावून बसली होती. प्राचार्य आबासाहेबांनी कॅमेरा चालवणाऱ्या भीमराजला पोलिसांच्या हवाली करून टाकलं होतं.

"असल्यांना नोकरी दिली की हे असं होतं," ते म्हणाले.

'असल्यांना' म्हणजे कोणाला, ते उपनिरीक्षक प्रज्ञाला बरोबर कळलं. ती भीमराजकडे वळली.

"किती जणांना पाठवलंत?"

"एकदाच पाठवलं, मॅडम. समितीचे दोघं दोन खोल्यांत बघत हुते. आनखी कुनी बघत असंल, तर मला हितं दिसत न्हाई."

"पाठवणाऱ्यालाच माहीत नाही म्हणे," आबासाहेब हसले.

"तुमचा कॉम्प्युटर?" प्रज्ञानं त्यांना विचारलं.

"कालपासून बंद. मी स्वतः बंद केलाय."

आबासाहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरचा पडदा काळाच होता. प्रज्ञानं टेबलाखालच्या त्याच्या डब्याला हात लावला. तो गरम होता.

तिनं समितीच्या दोन्ही खोल्यांतले पडदे चालू करवले आणि भीमराजला कॅमेऱ्यातून रिकामी खुर्चीच दाखवायला सांगितली. मग व्हरांड्यातलं नेटवर्क स्विचचं, म्हणजे सगळ्या केबली जिथं जोडलेल्या असतात त्या डब्याचं, कपाट उघडलं. कॅमेऱ्याच्या केबलशिवाय आणखी तीन केबलींचे दिवे भराभर लुकलुकू लागले. दोन केबली समितीच्या खोल्यांकडे जात होत्या. तिसरीमागोमाग ती थेट आबासाहेबांच्या केबिनमध्ये आली.

"याला मल्टिकास्ट म्हणतात," ती म्हणाली. "भीमराज एकच प्रत पाठवतात, एका गटाच्या पत्त्यावर. ज्याला बघायचंय त्याच्या कॉम्प्युटरनं मागणी करायची. मागेल त्याच्याच केबलवर स्विच प्रत काढून देतो. न मागणाऱ्याकडे काही जात नाही. वर तो अधूनमधून विचारतो, अजून हवंय का? तुमचा कॉम्प्युटर आत्ताही हो म्हणतोय. बंद केलात तो फक्त पडदा, साहेब. तेवढीही अक्कल नाही, आणि चालले पोरीचं रडणं चोरून ऐकायला."

तिनं पडदा चालू केला. त्यावर रिकामी खुर्ची दिसत होती आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. खाली कालची फाईल होती, निकिताची. ती त्या प्राध्यापकाला पाठवलेलीही दिसत होती. तो आबासाहेबांचा मेव्हणा.

आबासाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, हे चार भिंतींच्या आतच राहू द्या."

प्रज्ञाला किळस आली.

"त्या पोरीचंही तेवढंच मागणं होतं," ती म्हणाली आणि हवालदाराला केबिनचं दार सताड उघडायला सांगितलं.