बहात्तर हजारांचा चुगलखोर

हिरव्या शाईतली सही.

गव्हाच्या डब्याखाली ठेवलेलं पासबुक.

‘कट’ हा शब्द.

उल्हासनगर कॅम्प चार, रविवारची फिजिक्सची शिकवणी.

एवढं सगळं नरेंद्र गायकवाडने एका दमात सांगितलं आणि चंदरचं डोकं ठणकायला लागलं. त्याची वहिनी अंजनी बदलापुरात खासगी तपासाची कामं घ्यायची. स्कूटर चंदरची, वैतागही त्याचाच.

नरेंद्र अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात केमिस्ट. मॅनेजरने हिरव्या शाईत सही ठोकून नोटीस दिली होती: ‘शिकवणीचे बहात्तर हजार रुपये उत्पन्न आपण कंपनीपासून लपवलेत. सोमवारपर्यंत खुलासा द्या, अन्यथा सेवा समाप्त.’

“चुगली समीरची,” नरेंद्र म्हणाला. “बढतीला आम्ही दोघंच आहोत. मॅडम, मी ऑफिसच्या फॉर्मपासून आयकराच्या रिटर्नपर्यंत सगळीकडे खरं लिहितो. रिटर्न भावनाताई भरतात, मी नुसता ओटीपी देतो. तो क्लासवाला मुकेश मात्र माझ्या पैशातून कट खातो.”

तीन ठिकाणी स्कूटर फिरली. समीरला शिकवणी माहीत होती, अख्ख्या खात्याला होती. पण रविवारचे पाचशे मिळत असतील, असा त्याचा अंदाज. मुकेश तर नरेंद्रचं नाव ऐकताच भडकला. “साई, ऐंशी हजार वर्षाचे. आठ हजार टीडीएस कापला, त्याच्याच नावावर सरकारला भरला. अन् हा आदमी बोलतो मी खाल्ला.” भावनाने स्क्रीनच फिरवून दाखवला: शिकवणी ऐंशी हजार, आधीच कापलेला कर आठ हजार.

संध्याकाळी नरेंद्र परत आला, तेव्हा चंदरने निकाल देऊन टाकला होता. मुकेशच.

अंजनीने डोळे मिटून घेतले. “भावजी, मुकेशने सांगितलं असतं तर ऐंशी सांगितले असते. भावनाने सांगितले असते तरी ऐंशीच. समीरला आकडाच ठाऊक नाही. बहात्तर फक्त पासबुकात दिसतात, आणि ते कुणाच्या घरी आहे?”

“माझ्या,” नरेंद्र म्हणाला.

“टीडीएसला कट समजून वजा करणारा माणूस एकच आहे. डिसेंबरात ऑफिसच्या फॉर्मवर ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात काय लिहिलंत?”

नरेंद्रने आठवून सांगितलं. “शिकवणी. बहात्तर हजार.”

“तो फॉर्म कुणाकडे जातो असं वाटलं?”

“सरकारकडे.”

चंदरने कपाळावर हात मारून घेतला. एवढ्यासाठी अर्धा टँक पेट्रोल जाळलं होतं.

“पगारातून कर किती कापायचा ते ठरवायला कंपनीच तो मागते,” अंजनी म्हणाली. “कुणी वाचला नाही. आता बढतीसाठी फाईल उघडली आणि वाचला. चुगलखोर तुम्हीच.”

“म्हणजे नोकरी गेली.” नरेंद्रने नोटिशीची घडी घातली.

“आरोप काय आहे? लपवलं. लेखी कळवणारा लपवतो कसा? फॉर्मची प्रत आहे?”

“पासबुकात, घडी करून.”

“त्यावर पोच आहे?”

नरेंद्रला आठवेना. अंजनीने त्याला उठवलंच. आधी डबा उचला, मग मुकेशची माफी मागा, आणि यंदा ऐंशी लिहा, असं तिने तीनदा बजावलं. चंदरने स्कूटरची किल्ली घेतली.

अठरा डिसेंबरला त्या प्रतीवर मॅनेजरने पोच दिली होती, हिरव्या शाईत.